ब्रॅकिओपॉडच्या कवचावरची भोकं आणि व्रण कसे वाचावेत

अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराभोवती उत्तर ऑर्डोव्हिसियन काळातले, म्हणजे सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीचे शेल (चिखल घट्ट होऊन झालेला पापुद्र्यांचा खडक) आणि चुनखडकाचे थर उघडे पडलेले आहेत. त्यांतल्या वेन्सव्हिल थरांत ओनिएला नावाच्या छोट्या ब्रॅकिओपॉडच्या (दोन झडपांच्या कवचात राहणाऱ्या सागरी प्राण्याच्या) कवचांचा खच असतो आणि त्यातल्या काही कवचांना आरपार गोल भोकं असतात. १९३८ साली वॉल्टर बुकर यांनी ती भोकं शिकारी गोगलगाईची ठरवली. १९६८ मध्ये कॅरिकर आणि योकल्सन यांनी आजच्या गोगलगाईंच्या भोकांशी ताडून पाहिलं आणि हे गोगलगाईचं काम वाटत नाही, असं सांगितलं. पुढच्याच वर्षी रिचर्ड्स आणि शाबिका यांनी दाखवलं की काही भोकं एकावर एक पडलेल्या कवचांतून सलग जातात, तेव्हा ही मेलेल्या कवचांच्या थरात कोणीतरी राहायला केलेली बिळं असावीत. २००० साली कॅप्लान आणि बाउमिलर यांनी कवचांची मांडणी आणि भोकांच्या जागा पुन्हा तपासल्या आणि पारडं परत शिकारी किंवा परजीवीकडे झुकवलं.

साठ वर्षं चाललेल्या या वादात प्रश्न मूळचा एकच आहे. भोक पडलं तेव्हा आतला प्राणी जिवंत होता का? ‘हे कोणी केलं?’ हा त्यानंतरचा प्रश्न, आणि पुराजीव महाकल्पातल्या (सुमारे ५४ ते २५ कोटी वर्षांपूर्वीच्या) कवचांच्या बाबतीत त्याचं उत्तर पुष्कळदा मिळतच नाही. हौशी संग्राहक नेमकं उलटं करतात. भोक दिसलं की आधी आरोपी ठरवतात. खालची सगळी पद्धत पहिल्या प्रश्नासाठी आहे.

हातात काय आहे ते आधी पक्कं करा

ब्रॅकिओपॉड दिसतो शिंपल्यासारखा, पण त्याच्या प्रत्येक झडपेच्या मधून रेघ मारली तर दोन्ही बाजू सारख्या येतात आणि दोन झडपा मात्र एकमेकींहून वेगळ्या असतात. शिंपल्यात बहुधा याच्या उलट. हे कळल्यावर अधर (पोटाकडची) झडप कोणती आणि पृष्ठ (पाठीकडची) झडप कोणती ते ठरवा, कारण पुढे प्रत्येक खुणेसोबत तिची झडप लिहायची आहे.

पाठ करायला सोपा नियम असा, की मध्यभागी पन्हळ असेल ती अधर आणि उंचवटा असेल ती पृष्ठ. सिनसिनाटीच्या विनलँडोस्ट्रोफिया या ब्रॅकिओपॉडला (जुन्या लेबलांवर प्लॅटिस्ट्रोफिया) तो लागू पडतो. ओनिएलात मात्र उथळ पन्हळ पृष्ठ झडपेवर असते आणि राफिनेस्क्विना या तिसऱ्या ब्रॅकिओपॉडची एक झडप फुगीर, दुसरी खोलगट असते. तिथे फुगीर ती अधर. म्हणून नियम घोकण्यापेक्षा बिजागरीची कड आणि चोच (बिजागरीजवळचं झडपेचं निमुळतं टोक) भिंगाखाली बघायची सवय लावा. त्यात आणखी एक फायदा आहे. चोचीजवळ देठ (प्राणी ज्याने तळाला धरून राहतो तो) बाहेर येण्याची नैसर्गिक वाट असते आणि नवखे लोक तिलाच शिकाऱ्याचं भोक समजतात. ओनिएलाच्या कवचात मुळातच अतिसूक्ष्म नळ्या असतात. झिजलेल्या पृष्ठभागावर त्या ठिपक्यांसारख्या सगळीकडे दिसतात. प्रॉडक्टिड या काटेरी ब्रॅकिओपॉडच्या गटात काटे मोडलेल्या जागी गोल चट्टे राहतात. ही तिन्ही त्या प्राण्याच्या शरीराची अंगं आहेत, जखमा नव्हेत.

गोळा करताना निवड करू नका

भोकवाली कवचं तेवढी खिशात टाकली की अभ्यास तिथेच संपला. शंभरात किती, हे सांगता येत नाही. एक छोटी चौकट ठरवा आणि तिच्यातलं ओळखता येण्याजोगं प्रत्येक कवच घ्या, अर्धं असलं तरी.

ओहायोत राहणाऱ्या किंवा तिकडे जाणाऱ्या मराठी वाचकांसाठी दोन जागा सोयीच्या आहेत. सीझर क्रीक धरणाच्या सांडव्यात मोफत परवाना घेऊन स्वतःपुरते जीवाश्म गोळा करता येतात; हत्यारं चालत नाहीत, दगड फोडायचा नाही आणि तळहातात मावेल त्याहून मोठं उचलायचं नाही. वेन्सव्हिल थर तिथेही उघडे आहेत. शॅरनव्हिलचं ट्रॅमेल जीवाश्म उद्यानही गोळा करायला खुलं आहे. १९४२ पासून चालू असलेली ‘ड्राय ड्रेजर्स’ ही हौशी मंडळींची संस्था याच परिसरातली, आणि तिच्या सहलींत जे शिकायला मिळतं ते पुस्तकात मिळत नाही. नियम बदलत असतात, निघण्यापूर्वी पाहून घ्या.

सांडव्यात सुटी पडलेली कवचं वेगवेगळ्या थरांतून घरंगळून आलेली असतात. वहीत तसं स्पष्ट लिहा आणि एखाद्या विशिष्ट थराची टक्केवारी म्हणून तो आकडा वापरू नका. तळहाताएवढी लादी मिळाली तर ती सुट्या कवचांपेक्षा मोलाची. कवचं एकमेकांवर कशी पडली आहेत हे फक्त तिथेच दिसतं, आणि सुरुवातीचा वाद त्याच पुराव्यावर उभा आहे.

धुणं, उजेड, भिंग

कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब, मऊ टूथब्रश. बस. चिकट शेल सुटत नसेल तर कवच पूर्ण वाळवून परत भिजवा, दोन-तीनदा. तारेचा ब्रश ओरखडे पाडतो आणि मग ते कोणाचे हे तुम्हालाच कळत नाही. व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर यांतलं काहीही जवळ आणू नका. कवच कॅल्साइटचं असतं, आम्ल ते खातं आणि नवीन खड्डे तयार करतं. टेक्सासच्या ग्लास माउंटन्समधले पर्मियन (सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीचे) ब्रॅकिओपॉड आम्लात टाकून सोडवतात, पण तिथे कवचाची जागा सिलिकाने घेतलेली आहे. ती पद्धत तिथलीच.

कवच आधी कोरडं बघा, मग ओलं करून बघा. कोरड्यावर उंचसखलपणा दिसतो. ओलं केल्यावर भोकात भरलेल्या गाळाचा रंग उठून येतो. बुजलेली कितीतरी भोकं पाण्याचा हात फिरवल्याशिवाय नजरेत भरत नाहीत. खोलीतला दिवा बंद करून टॉर्च कवचाच्या जवळजवळ पातळीत धरा आणि कवच हळूहळू फिरवा. दहापट भिंग पुरतं. फोटो काढताना उजेड डाव्या वरच्या बाजूने ठेवण्याचा प्रघात आहे, तो पाळा. नाहीतर बघणाऱ्याला खड्डा उंचवटा वाटतो. शेजारी मिलिमीटरची पट्टी हवीच. प्रयोगशाळेत कवचावर नवसागराची वाफ देऊन पांढरा पातळ थर चढवतात, त्याने बारीक नक्षी स्पष्ट होते. घरी त्या भानगडीत पडू नये.

बोटानेही तपासा. शिकारी आणि कवचं यांच्यातल्या स्पर्धेवर १९७७ मध्ये गाजलेली मांडणी करणारे गेरात व्हर्माय लहानपणापासून दृष्टिहीन आहेत. त्यांनी कवचांचे व्रण हाताने वाचले. बुजलेल्या व्रणाची पायरी नखाला लागते, डोळ्याला कधीकधी नाही.

भोक सापडलं: आता घाई नको

एक कवच, एक कागद. या क्रमाने लिहीत जा.

आकार आधी. कड गोल आहे, लंबगोल आहे की वेडीवाकडी? बाहेरचा व्यास आणि आतला व्यास वेगवेगळे मोजा. डिजिटल कॅलिपरची टोकं छोट्या भोकात जात नाहीत, म्हणून पट्टीसकट फोटो काढून इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मोजणं बरं. पुराजीव महाकल्पातली भोकं बारीक असतात, पुष्कळदा मिलिमीटर-दोन मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी, त्यामुळे पाव मिलिमीटरची चूकही मोठी.

मग दिशा. बाहेरचा व्यास मोठा आणि आतला लहान असेल तर काम बाहेरून आत झालं आहे. उलट असेल तर कोणीतरी आतल्या बाजूने सुरुवात केली, आणि ते आतला प्राणी गेल्याशिवाय शक्य नाही. आतल्या तोंडाशी एखादी बारीक टवका उडालेली असते तेवढ्यावरून दिशा ठरवू नका. भोक आरपार नसेल तर तेही नोंदवा. अर्धवट भोक हा अयशस्वी प्रयत्न असू शकतो, आणि बसायला जागा कोरणाऱ्या कोणाचं तरी कामही.

भिंती सरळ आहेत की बशीसारख्या उतरत्या? सरळ नळकांडी भोकाला ऑइक्नस सिंप्लेक्स म्हणतात; उतरत्या भिंतींच्या, स्क्रूचं डोकं आत बसावं म्हणून सुतार करतो तशा भोकाला ऑइक्नस पॅराबोलॉइडीज. ही नावं ब्रॉमली यांनी १९८१ मध्ये दिली. ती खुणेच्या आकाराची आहेत, खूण करणाऱ्याची नव्हेत. आजच्या समुद्रात नॅटिसिड गोगलगाई साधारणपणे उतरतं भोक करतात आणि म्युरिसिड सरळसर. हा धडा शिकलेला माणूस ऑर्डोव्हिसियन कवचावर उतरतं भोक पाहून ‘नॅटिसिड’ लिहून मोकळा होतो. नॅटिसिड त्या वेळी जन्माला यायचे होते. त्यांची ठळक हजेरी क्रिटेशसपासूनची, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडापासूनची. प्लॅटिसेराटिड गोगलगाईंवर जुना संशय आहे, आणि त्यांच्यातली सायक्लोनेमा सिनसिनाटीच्याच थरांत सापडते, पण शेजारी सापडणं म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे. कागदावरचा ‘कर्ता’ हा रकाना निःसंकोच कोरा ठेवा.

भोकाचा आतला आकार हवा असेल तर दंतवैद्य दाताचा ठसा घ्यायला वापरतात ते सिलिकॉन उत्तम. कवच नाजूक असेल तर हा उद्योग टाळा.

आता मुख्य कसोटी. भोक एकच आहे का? एकाच झडपेवर आहे का? पृष्ठभागाला काटकोनात आहे का? अनेक कवचं पाहिल्यावर ते ठरावीक जागी, ठरावीक जातीवर आणि ठरावीक आकाराच्या कवचांवर येतं का? या सगळ्यांना ‘हो’ आलं तर जिवंत भक्ष्याची शक्यता बळावते. एका कवचावर पाच-सहा भोकं, दोन्ही झडपांवर सारखी, बाहेरून तशीच आतूनही, किंवा लादीवर खालच्या कवचात तीच रेषा पुढे गेलेली, तर राहायची सोय समजावी. मला स्वतःला जागेची कसोटी सगळ्यांत विश्वासाची वाटते, पण ती नीट लावली तरच. कवचाचे भाग पाडून (मागचा, मधला, पुढचा, प्रत्येकात डावं-उजवं) भोकं मोजा आणि त्या भागाचं क्षेत्रफळही मोजा. मधल्या भागात निम्मी भोकं आहेत म्हणून आनंद मानण्यापूर्वी बघा, तो भाग कवचाचा निम्मा तर नाही? निम्मा असेल तर निवड झालेलीच नाही.

एक पुरावा मात्र एकटाच पुरेसा असतो. भोकाच्या आतल्या बाजूने कवचद्रव्याचा फोड किंवा जाड थर आला असेल, तर प्राण्याने आतून डागडुजी केली आहे. तो तेव्हा जिवंत होता, याला दुसरा साक्षीदार नको.

खोटी भोकं

शेलमध्ये गाडलेल्या कवचावर शेजारचा क्रिनॉइडचा (देठावर उभ्या राहणाऱ्या, तारामाशाच्या नात्यातल्या प्राण्याचा) मणका किंवा ब्रायोझोआचा (वसाहतीने राहणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांचा) तुकडा दाबला जातो आणि दाबाखाली कवच तेवढ्या जागी विरघळतं. राहतो तो सुबक गोल खड्डा, कधी आरपार. शिकाऱ्याच्या भोकाशी त्याचं साम्य फसवं आहे. खड्ड्यात तो दाणा अजून अडकलेला आहे का बघा. त्याची कड खड्ड्याच्या कडेशी जुळत असेल तर विषय संपला. असे खड्डे आत-बाहेर कुठेही येतात आणि त्यांचे आकार शेजाऱ्यांप्रमाणे बदलतात.

टोचून किंवा चेंगरून झालेल्या भोकाची कड दातेरी असते आणि तिच्यापासून तडे फुटलेले असतात. कडेचा रंग ताजा, बाकी कवचापेक्षा उजळ असेल तर ते नुकतंच मोडलं आहे, बहुधा तुमच्याच पिशवीत.

शिकार फसली तेव्हा

भोकांच्या नादात व्रण राहून जातात, आणि माझ्या मते तेच जास्त बोलके. ब्रॅकिओपॉड कडेकडेने वाढतो. कड मोडली आणि प्राणी वाचला, तर पुढच्या वाढीच्या रेषा त्या खाचेत आत वळतात आणि मग हळूहळू पुन्हा सरळ होतात.

माझ्या टेबलावर राफिनेस्क्विनाची एक अधर झडप आहे. बिजागरीपासून पुढे येताना बारीक फासळ्या छान सरळ येतात, आणि डाव्या पुढच्या बाजूला एकदम एक इंग्रजी व्हीच्या आकाराची पायरी लागते. पायरीच्या मागे फासळ्या तुटल्यासारख्या थांबतात. पुढे त्या पुन्हा सुरू होतात, पण सरकलेल्या. दोन फासळ्यांची एक झालेली, एक जरा तिरकी. पायरीपासून कडेपर्यंत वाढीच्या रेषा मोजता येतात, म्हणजे हा प्राणी त्या घावानंतर बराच काळ जगला. घाव कशाचा? त्या समुद्रात कवच फोडणारे मासे नव्हते. नॉटिलॉइडांकडे (कवचधारी, ऑक्टोपसच्या नात्यातल्या शिकाऱ्यांकडे) बोट दाखवता येतं, पण वादळात आपटूनही कड मोडते. एका कवचावरून हे सुटत नाही. व्रण एकाच बाजूला, एकाच आकाराच्या प्राण्यांवर, खाचेच्या ठरावीक घाटाचे असे पुष्कळ मिळाले तर हल्लेखोराची शक्यता वाढते. डेव्होनियनपासून (सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीपासून) पुढे चित्र बदलतं. जबड्यात चुरडणाऱ्या पट्ट्या असलेले मासे आले, त्यामुळे तिथल्या व्रणांकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतं.

व्रण जास्त म्हणजे शिकार जास्त, असं सरळ गणित मांडू नका. व्रण म्हणजे वाचलेला प्राणी. जो फुटून मेला त्याचे तुकडे झाले आणि ते तुमच्या मोजणीत आलेच नाहीत. दुबळा शिकारीही भरपूर व्रण सोडतो.

राहायला आलेले

कवचात कोरून किंवा कवचावर चिकटून राहिलेल्या प्राण्यांच्या खुणा वेगळ्या कागदावर. सिनसिनाटीत सर्वांत देखणी खूण रोपॅलोनेरिया व्हेनोसाची. मऊ शरीराच्या ब्रायोझोआची ही वसाहत कवचाच्या पृष्ठभागात कोरली जाते आणि मागे चातीसारख्या, दोन्ही टोकांना निमुळत्या खाचांचं जाळं उरतं. ते तिरक्या उजेडातच दिसतं. सरळ उजेडात कवच कोरं वाटतं. वर सांगितलेल्या झडपेवर बिजागरीजवळ असं जाळं आहे.

ट्रायपॅनायटीज म्हणजे कोरून केलेली, फाटे नसलेली, एका तोंडाची साधी नळी. कठीण समुद्रतळावर ती खोल सरळ जाते, पण ब्रॅकिओपॉडचं कवच पातळ, त्यामुळे तिथे ती पुष्कळदा कवचाच्या जाडीत आडवी धावते. डेव्होनियन कवचांवर, उदाहरणार्थ न्यूयॉर्क राज्यातल्या हॅमिल्टन गटात, क्लायोनोलायथीजच्या मुळांसारख्या फाकणाऱ्या खुणा आणि व्हर्मिफोरिक्नसच्या अरुंद नळ्या शोधा. त्यासाठी बफेलोजवळचं पेन डिक्सी जीवाश्म उद्यान गाठावं, तिथे गोळा करायला परवानगी आहे. ज्युरासिक-क्रिटेशस कवचांवर स्पंजाच्या जोडलेल्या कप्प्यांची एंटोबिया आणि बार्नेकलच्या फटीसारखी रोजेरेला भेटतात. बारीक खड्ड्यांचा गोलसर पुंजका दिसला तर तो पोडिक्नस असू शकतो: दुसऱ्या ब्रॅकिओपॉडने आपला देठ रोवताना केलेली कोरणी.

यांच्याबाबतही जिवंत की मेलेलं हा प्रश्न सुटतो. खुणा झडपेच्या आतल्या बाजूला असतील तर कवच रिकामं होतं. कवचावर चिकटलेल्या कॉर्न्युलायटीज या नळीत राहणाऱ्या प्राण्याच्या नळ्यांची तोंडं कवचाच्या कडेकडे वळलेली असतील, तर खालचा प्राणी जिवंत असताना त्याने ओढलेल्या पाण्याच्या प्रवाहाचा तो फायदा घेत असावा. शिकाऱ्याच्या भोकावरून एखादी वसाहत चढली असेल तर भोक आधीचं. कोण कोणाच्या वर आहे हे नेहमी लिहा. क्रम लावायला याहून चांगलं साधन नाही.

आकडेमोड

दोन्ही झडपा जुळलेल्या असतील तर भोकवाली कवचं भागिले एकूण कवचं. सुट्या झडपा असतील तर एकूण संख्येला आधी दोनाने भागा, कारण एका प्राण्याच्या दोन झडपा असतात आणि शिकारी त्यांतल्या एकीलाच भोक पाडतो. समजा २४० सुट्या झडपा आणि ६ भोकं. प्राणी १२०, प्रमाण ५ टक्के. न भागता २.५ टक्के येईल आणि तुमचा आकडा दुसऱ्या कोणाशी ताडता येणार नाही. नमुना लहान असल्याची जाणीवही ठेवा: १२० पैकी ६ म्हणजे ९५ टक्के विश्वासाने खरं प्रमाण साधारण २ ते १० टक्क्यांत कुठेही. ३० कवचांत २ भोकं मिळाली तर टक्केवारी लिहूच नका.

पुराजीव महाकल्पातल्या ब्रॅकिओपॉडवर हे प्रमाण बहुतेक ठिकाणी एक आकडी असतं. आपल्याला ४० टक्के आले तर शोध लागला असं समजण्याआधी मागची दोन प्रकरणं, देठाची वाट आणि खोटी भोकं, पुन्हा वाचा. अधर आणि पृष्ठ झडपांची संख्याही वेगवेगळी मोजा. एक प्रकार फारच कमी असेल तर तो वाहून गेला किंवा फुटला असेल, आणि भोकं नेमकी त्यावर असतील तर तुमचा आकडा खाली आला असेल.

भारतात बघायचं तर

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टचा, तेव्हा घराजवळ आशा नको. कच्छच्या ज्युरासिक थरांत ब्रॅकिओपॉड मुबलक आहेत. तिथल्या उत्तर ज्युरासिक शिंपल्यांवर शिकारी भोकांची मोठ्या प्रमाणात नोंद झाली आहे, त्यामुळे शेजारच्या ब्रॅकिओपॉडवर ती किती, हा तपासण्याजोगा प्रश्न ठरतो. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या बाघच्या क्रिटेशस थरांतून जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी १९३८ मध्ये मालविऱ्हिंकिया ही प्रजाती वर्णन केली; पुढे ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत होते, जी आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. कच्छचा काही भाग अभयारण्यात आणि सीमेलगत आहे, बाघ परिसरात संरक्षित जीवाश्म उद्यान आहे; परवानगीशिवाय तिथून काही उचलू नका. फोटो, मोजमाप आणि जागेची नोंद घेऊन कवच जागेवर ठेवलं तरी या लेखातलं जवळजवळ सगळं करता येतं.

परवानगीने गोळा केलेला नमुना पुढे एखाद्या विद्यापीठाला किंवा संस्थेला द्यायची वेळ आली तर भोकवाल्या कवचांसोबत त्याच चौकटीतली कोरी कवचंही द्या, एकाच डब्यात, एकाच क्रमांकाखाली.